स्वमग्नतेच्या छटा आणि संशोधनासाठी माणसांची निवड



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने मानसशास्त्राच्या एका कोपऱ्यातील विषयावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. आमचे सारे काम एका शब्दाभोवती फिरते, आणि तो शब्द म्हणजे निवड. कामावर कोणाला घ्यावयाचे, कायम कोणाला करावयाचे, बदली कोणाची करावयाची, कपातीच्या यादीत कोणाचे नाव घालावयाचे, या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी कोणत्यातरी पट्टीने माणसे मोजीत असतो. ती पट्टी कोणी बनविली, ती कशासाठी बनविली आणि ती कोणाच्या हातात आहे, हे विचारण्याची आम्हाला सवय लागली आहे. मानसशास्त्राचे अभ्यासकही माणसे निवडतात, आणि अलीकडे त्यांनी एका फार नाजूक गोष्टीसाठी माणसे निवडण्याचा प्रघात पाडला आहे. ती गोष्ट काय, ती कशी चालते आणि तिच्यात सावध कोठे राहावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ज्याला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात त्याला मराठीत स्वमग्नता हा शब्द आता रूढ झाला आहे. हा शब्द ऐकून पुष्कळांना वाटते की, हा माणूस स्वतःतच दंग, म्हणजे आपमतलबी असणार. तसे मुळीच नव्हे. स्वमग्नता ही जन्मापासूनची मेंदूची निराळी घडण आहे. बोलण्यातील आडवळणे आणि चेहऱ्यावरील भाव ओळखणे अशा माणसाला जड जाते. ठरलेल्या क्रमात बदल झाला की त्याचा जीव कासावीस होतो. आवाज, उजेड, स्पर्श त्याला इतरांपेक्षा फार तीव्र वा फार मंद जाणवतात. आणि एखाद्या विषयात तो इतका खोल शिरतो की इतर भान उरत नाही. 1943 साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या डॉक्टराने अशा 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, 1944 मध्ये, व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर याने तशाच, पण बोलण्यात तरबेज असलेल्या मुलांविषयी लिहिले.

प्रारंभी समजूत अशी होती की, माणूस एक तर स्वमग्न असतो किंवा नसतो. ही समजूत हळूहळू मोडली. 1977 साली इंग्लंडमध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होते. 11 जोड्या एकाच बीजापासून झालेल्या, म्हणजे हुबेहूब जुळ्यांच्या होत्या. त्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. उरलेल्या 10 साध्या जुळ्यांच्या जोड्यांत असे एकदाही आढळले नाही. यावरून आनुवंशिकतेचा हात दिसला. पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हुबेहूब जुळ्यांत जे दुसरे भावंड स्वमग्न नव्हते, त्यातही भाषेची वा आकलनाची काहीतरी अडचण बहुधा सापडली; ती धरली तर 11 पैकी 9 जोड्या जुळल्या. म्हणजे पूर्ण स्वमग्नता नाही, तरी तिच्या छटा आहेत, असा प्रकार दिसून आला. 1979 मध्ये लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांची पाहणी केली, तेव्हा ठराविक चौकटीत न बसणारी, पण त्याच जातीच्या अडचणी असलेली कितीतरी मुले आढळली. इंद्रधनुष्यात तांबडा कोठे संपतो आणि नारिंगी कोठे सुरू होतो हे बोट ठेवून दाखविता येत नाही, तसे हे आहे. म्हणूनच पुढे वर्णपट हा शब्द आला.

आता आपल्या अवतीभोवती पाहा. सणासमारंभात कोपरा धरून बसणारा, पण मोटारीचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा मेकॅनिक. रोज त्याच वाटेने, त्याच वेळी, त्याच बाकावर बसणारा कारकून. विनोद शब्दशः घेऊन इतरांच्या थट्टेचा विषय होणारा फिटर. अशी माणसे प्रत्येक गावात आणि प्रत्येक पाळीत असतात. ते आजारी नसतात, त्यांना डॉक्टरांची गरज नसते, त्यांचा संसार चालतो. डॉक्टरी निदानाच्या उंबरठ्याच्या अलीकडे असलेल्या या गुणविशेषांना मी स्वमग्नतेच्या छटा म्हणतो. थोड्याफार छटा प्रत्येकात असतात. कोणात अधिक, कोणात उणे, एवढाच फरक.

मग अभ्यासकांना निदान झालेली माणसे सोडून अशी छटा असलेली माणसे का हवीत? याची कारणे व्यवहारातील आहेत. निदान झालेली प्रौढ माणसे संख्येने थोडी, ती दूरदूर विखुरलेली. त्यांपैकी कित्येकांना सोबत फेफरे, तीव्र चिंता वा बौद्धिक अपंगत्व असते. काहींना औषधे चालू असतात. अशा वेळी प्रयोगात जो फरक दिसला तो स्वमग्नतेमुळे की औषधामुळे, हे सांगणे कठीण. याउलट महाविद्यालयात विद्यार्थी शेकड्यांनी मिळतात. त्यांच्यात छटा मोजल्या, आणि अधिक छटा असलेल्यांची नजर, श्रवण, स्मरण वा भाव ओळखण्याची रीत कमी छटा असलेल्यांहून निराळी आहे काय हे पाहिले, तर मूळ प्रश्नावर काही उजेड पडेल, असा हा विचार आहे. विचार चुकीचा नाही. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, थोडी छटा आणि पूर्ण स्वमग्नता ही एकाच रंगाची फिकी आणि गडद रूपे आहेत. काही बाबतीत ते खरे ठरले आहे. सर्व बाबतीत खरे आहे असे धरून चालणे मात्र धोक्याचे. म्हणून विद्यार्थ्यांवर आढळलेली गोष्ट स्वमग्न माणसांवर लादण्यापूर्वी ती त्यांच्यातही तपासून पाहिली पाहिजे.

छटा मोजण्याचे सर्वात प्रसिद्ध साधन म्हणजे 2001 साली केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली प्रश्नावली. तिच्यात 50 विधाने आहेत. माणसांत मिसळणे, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर नेणे, बारकाव्यांकडे लक्ष, संभाषण आणि कल्पनाशक्ती अशा पाच अंगांची प्रत्येकी 10. प्रत्येक विधानापुढे पूर्ण सहमत, थोडा सहमत, थोडा असहमत, पूर्ण असहमत अशी चार उत्तरे असतात. छटेच्या बाजूचे उत्तर दिले, मग ते थोडे असो वा पूर्ण, की एक गुण. म्हणजे 0 ते 50 च्या दरम्यान कोठेतरी माणूस बसतो. पहिल्या पाहणीत सर्वसाधारण लोकांची सरासरी 16.4 निघाली, आणि निदान झालेल्या प्रौढांची 35.8. निदान झालेल्यांपैकी 80 टक्के लोकांना 32 वा अधिक गुण मिळाले. इतरांपैकी फक्त 2 टक्क्यांना. पुरुषांचे गुण स्त्रियांपेक्षा थोडे अधिक, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे इतर शाखांपेक्षा अधिक आले.

येथे एक हिशेब मांडून पाहू, कारण पुष्कळ घोटाळा येथेच होतो. समजा, एका वसाहतीत 1000 माणसे आहेत आणि त्यांपैकी 10 खरोखर स्वमग्न आहेत. प्रश्नावली सर्वांना दिली. 10 पैकी 80 टक्के, म्हणजे 8 जण 32 च्या वर गेले. उरलेल्या 990 पैकी 2 टक्के, म्हणजे सुमारे 20 जणही वर गेले. रेषेच्या वर एकूण 28 माणसे, त्यांपैकी 20 स्वमग्न नाहीत. शिवाय जे 2 स्वमग्न रेषेखाली राहिले ते निसटलेच. ज्याला हा साधा त्रैराशिकाचा हिशेब कळतो, तो गुणांचा आकडा पाहून कोणाला स्वमग्न म्हणणार नाही. ही चाळणी आहे, निदान नव्हे.

आपल्या पोफळीकरांना ही गोष्ट यंत्राच्या भाषेत चटकन उमजेल. 1962 पासून डोंगराच्या पोटात चालत आलेल्या आपल्या वीजगृहात प्रत्येक यंत्रामागे रिले असतो. ठराविक मर्यादा ओलांडली की तो यंत्र बंद पाडतो. ती मर्यादा निसर्गाने आखलेली नसते. इंजिनियर ती लावतो. फार खाली लावली तर विनाकारण यंत्र बंद पडते, फार वर लावली तर यंत्र जळते. 32 हा आकडा तसाच लावलेला आहे. दवाखान्यात तपासणीला आलेल्या लोकांसाठी 2005 साली इंग्लंडमधील दुसऱ्या एका पाहणीने 26 हा आकडा सुचविला. आकडा कोठे लावावा हे कामावर अवलंबून असते.

आता निवड प्रत्यक्षात कशी करतात ते पाहू. नेहमीची रीत अशी: समजा, 400 विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली, सर्वाधिक गुणांचे 40 आणि सर्वात कमी गुणांचे 40 बोलावले, मधल्या 320 ना निरोप दिला. दोन टोके समोरासमोर ठेवली की फरक ठळक दिसतो आणि खर्च वाचतो. पण त्याची किंमत असते. दोन टोकांत दिसलेला संबंध सर्व माणसांत तेवढाच मजबूत आहे असे भासते, आणि ते खरे नसते. मधली माणसे पाहिलीच नाहीत, तर चढण सरळ आहे की मध्ये कोठे वळली आहे, हे कळणार कसे? घाटाची फक्त दोन टोके पाहून मधल्या वळणांचा नकाशा काढता येत नाही. म्हणून जेथे शक्य असेल तेथे सर्व गुणांची माणसे घेणे अधिक सचोटीचे. टोकेच घ्यावयाची असतील, तर ती कोठे तोडणार हे माणसे मोजण्यापूर्वी लिहून ठेवावे. आकडे पाहून मग रेषा सोयीने सरकवू नये.

दुसरी गोष्ट, एकदाच मोजून भागत नाही. ज्या दिवशी माणूस खचलेला असतो त्या दिवशी तो गर्दी नको म्हणतो. महिन्याने त्याच प्रश्नाचे उत्तर निराळे येते. फार वरचा आकडा पुन्हा मोजल्यावर थोडा खाली सरकतो, फार खालचा वर येतो, हा मापनाचा जुना नियम आहे. म्हणून निवडलेल्यांना प्रयोगाच्या दिवशी पुन्हा प्रश्नावली देणे चांगले.

तिसरी गोष्ट म्हणजे सोबत येणारी भेसळ. चिंता, उदासी आणि लाजाळूपणा यांनीही काही विधानांवर गुण वाढतात. लोकांत मिसळण्याची भीती वाटणे आणि लोकांत मिसळण्याची रीतच निराळी असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. दोन्ही गट वय, लिंग, शिक्षण आणि बुद्धिमापन यांत शक्य तितके सारखे हवेत. चिंता व उदासी निराळ्या प्रश्नावलीने मोजून ठेवावी. आधी कोणाचे निदान झाले आहे काय, घरात कोणाचे झाले आहे काय, हेही विचारावे. स्त्रियांच्या बाबतीत अधिक जपावे लागते, कारण पुष्कळ मुली लहानपणापासून इतरांचे पाहून वागणे उचलतात आणि छटा झाकून ठेवतात. आणि प्रयोग घेणाऱ्याला समोरचा कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे. ठाऊक असले की नजर आपोआप पक्षपाती होते.

आता आपल्या देशाकडे येतो. परक्या मातीत तयार झालेली मोजपट्टी जशीच्या तशी चालत नाही, हे मराठी मुलुखात फार पूर्वी ओळखले गेले होते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बांधली, आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ 1940 साली प्रसिद्ध झाला. केवळ शब्द बदलून त्यांनी भागविले नाही. आपल्या मुलांवर प्रश्न घासून पाहिले आणि वयाप्रमाणे त्यांची जागा नव्याने ठरविली. छटांच्या प्रश्नावलीलाही तोच न्याय लावावा लागेल. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटन, भारत आणि मलेशिया येथील विद्यार्थ्यांना ही 50 विधाने दिली, तेव्हा भारत आणि मलेशियातील गुण ब्रिटनपेक्षा अधिक आले. मग भारतीय विद्यार्थी अधिक स्वमग्न आहेत काय? तसा अर्थ काढणे म्हणजे काट्याचा दोष मालाला लावणे होय. 2018 च्या दुसऱ्या अभ्यासात भारत, जपान आणि ब्रिटन येथील पालकांची उत्तरे तपासली. पुष्कळ प्रश्न तिन्हीकडे उपयोगी पडले, पण काही प्रश्न एका देशात चांगली पारख करीत होते आणि दुसऱ्यात करीत नव्हते.

असे का व्हावे, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. त्या प्रश्नावलीत समारंभाला जाणे आवडते की ग्रंथालयात जाणे, अशा धर्तीची निवड विचारलेली आहे. आमच्याकडे शिमग्याला पालखी अंगणात येते तेव्हा आवडनिवड कोण विचारतो? सारा गाव जातो, म्हणून तोही जातो. नमनाच्या खेळाला बसणे ही आवड आहे की रीत आहे, हे त्या विधानातून निघणार नाही. शिवाय साहेबाने वा गुरुजींनी पुढे केलेल्या कागदावर "सहमत" म्हणणे हे आपल्याकडे सभ्यपणाचे लक्षण समजतात. आणि कामगाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी प्रश्नावली करणाऱ्यांच्या ध्यानात क्वचित येते. आठवडाभर रात्रपाळी केलेला माणूस दिवसा आवाज सहन करीत नाही, पाहुणे टाळतो, ठरलेली झोपेची वेळ मोडली की चिडतो. त्याचे गुण वाढतील. ते त्याच्या मेंदूच्या घडणीचे गुण नव्हेत. ते पाळीच्या वेळापत्रकाचे आहेत. म्हणून कामगारांत अशी पाहणी करताना पाळी कोणती, झोप किती आणि यंत्राच्या आवाजाने ऐकू कमी येते काय, हे विचारलेच पाहिजे.

माणसे कोठून गोळा केली हेही तितकेच महत्त्वाचे. दवाखान्यात आलेल्यांवरून हिशेब केला तर ज्यांच्यापाशी प्रवासखर्च आहे तेवढेच दिसतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या इनक्लेन या संस्थेच्या पाहणीत 2 ते 9 वर्षांची मुले दवाखान्याच्या रांगेतून न घेता वस्त्यांतून निवडली होती. पलवल, कांगडा, धेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी हे काम झाले. एवढे कष्ट घेतले की मगच "लोकांत" किती, हे बोलण्याचा अधिकार येतो. महाविद्यालयाच्या एका वर्गातील विद्यार्थी म्हणजे समाज नव्हे, आणि "स्वमग्नतेचा अभ्यास, भाग घ्या" अशी जाहिरात वाचून आलेले लोक तर मुळीच नव्हेत. कारण ज्यांना स्वतःविषयी शंका आहे तेच आधी येतात.

एक भेद येथे स्पष्ट करतो. सरकारी प्रमाणपत्रासाठी वापरतात ती मोजणी निराळी आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या आणि 2009 साली आलेल्या भारतीय मापनश्रेणीत 40 बाबी आहेत. प्रत्येकीला 1 ते 5 गुण, आणि 70 पासून पुढे स्वमग्नता धरतात. ही मोजणी प्रशिक्षित माणूस पाहून आणि विचारून करतो. तिच्यावर हक्क अवलंबून असतात. 1995 च्या कायद्यातील सात अपंगत्वांत स्वमग्नता नव्हती, 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीसांत ती आली. छटांच्या प्रश्नावलीने असा कोणताही हक्क मिळत नाही. तिने मिळते ती फक्त प्रयोगशाळेतील खुर्ची. आणि ज्या कागदाने हक्क मिळत नाही, त्याने हक्क जाऊही नये.

हे मी अनुभवाने बोलतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात व्यवस्थापनाने "स्वभाव-चाचणी" म्हणून कागद वाटले. ते कशासाठी, हे कोणी सांगितले नाही. पुढे नियंत्रण-कक्षातील एका जुन्या तंत्रज्ञाला, ज्याच्या नोंदवहीत खाडाखोड सापडत नसे, गोदामात हलविले. कारण विचारता उत्तर मिळाले, "तो गटात मिसळत नाही." चार महिने भांडल्यावर त्याची जागा परत मिळाली. पण त्या चार महिन्यांत तो जेवणाच्या सुट्टीतही कोणाशी बोलेनासा झाला. कागदाने जे शोधल्याचा दावा केला होता, ते कागदानेच वाढविले.

याहून भयंकर उदाहरण इतिहासात आहे. ज्या अ‍ॅस्पर्गरचे नाव मी प्रारंभी घेतले, त्याच्याविषयी हेरविग चेक या इतिहासकाराने 2018 साली कागदपत्रांनिशी दाखवून दिले की, नाझी राजवटीत त्याने काही अपंग मुलांना व्हिएन्नाच्या श्पीगेलग्रुंड या संस्थेत पाठविण्याची शिफारस केली होती. त्या संस्थेत मुलांना मारून टाकीत असत. तीही निवडच होती. हुशार मुले एका बाजूला, निरुपयोगी ठरविलेली दुसऱ्या बाजूला. म्हणूनच युद्धानंतर 1947 साली न्यूरेंबर्गच्या निकालात पहिले कलम आले ते माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचे. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत, वरिष्ठांच्या हाताखालील नोकर आणि विद्यार्थी यांना विशेष संरक्षण हवे असे सांगितले आहे. कारण ज्याच्या हातात आपली नोकरी वा गुण आहेत, त्याला "नाही" म्हणणे सोपे नसते.

तेव्हा असा कागद आपल्या हाती आला तर काय विचारावे? हा अभ्यास कोण करतो, आणि नैतिकता समितीने तो तपासला आहे काय? मला का निवडले? माझे नाव आणि माझे गुण वेगवेगळे ठेवणार काय? ते माझ्या वरिष्ठाला वा महाविद्यालयाला कळणार नाहीत, हे लेखी देता काय? मध्येच सोडले तर माझे काही बिघडेल काय? गुण फार वर आले आणि मला शंका वाटली, तर कोणाकडे जावे हे सांगाल काय? या सहा प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर खुशाल भाग घ्यावा. संशोधनाला विरोध करावा असे माझे म्हणणे नाही. मराठीत बोलणाऱ्या, पाळीत काम करणाऱ्या, वाडीत राहणाऱ्या माणसांची मोजदाद झाली नाही, तर परक्या माणसांच्या सरासरीने आमच्या मुलांचा निवाडा होत राहील. मात्र प्रश्न तयार करताना स्वमग्न माणसे आणि त्यांची घरची मंडळी यांना सोबत घ्यावे. ज्यांच्याविषयी बोलणी चालली आहेत त्यांना टेबलाशी बसविल्याशिवाय करार करू नये, हा आमच्या चळवळीचा साधा नियम आहे, आणि तो प्रयोगशाळेलाही लागू पडतो.